तुझे कागद अजून पुण्यातच आहेत

बाय,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला आधी हसूच आलं. रागावू नकोस. तू रडवेली झाली होतीस आणि मी हसले, कारण तू जे जे सांगत होतीस ते सगळं आठ वर्षांपूर्वी मी, तू आता राहतेस त्याच घराच्या पडवीत बसून आईला सांगितलं होतं. शब्दसुद्धा तेच. "आजवर एक हप्ता चुकवला नाही, एक चेक परत गेला नाही, आणि मला गाडीला कर्ज नाही म्हणतात?" आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना तू कोण ते ठाऊक आहे का?"

तेव्हा मला तो टोमणा वाटला. आता कळतं, बाईने नेमकं बोट ठेवलं होतं.

तू पुण्यातून आलीस एप्रिलच्या अखेरीला. कुडाळच्या कंपनीत रुजू झालीस जूनच्या मध्याला. आज श्रावण चाललाय, तुझ्या हातात नव्या पगाराच्या दोन चिठ्ठ्या आहेत, त्यातली एक अर्ध्या महिन्याची. नोकरी अजून प्रोबेशनवर. आधारवर पत्ता कोथरूडचा, पॅनला जोडलेला पत्ता कोथरूडचा, पगाराचं जुनं खातं पुण्यातल्या शाखेत, क्रेडिट कार्डाचं बिल अजून त्या जुन्या फ्लॅटवर जातं. तू सामान टेम्पोत घालून गगनबावड्याचा घाट उतरलीस खरी, पण तुझे कागद अजून पुण्यातच आहेत. आणि बँक माणसाला ओळखत नाही, कागदाला ओळखते. तिच्या लेखी कोथरूडची एक मुलगी मालवणातून अर्ज करतेय आणि कुडाळात नोकरी असल्याचं सांगतेय. तिसऱ्या गावात गाडी घेतेय. मी त्या खुर्चीवर असते तर मीही भुवई वर केली असती.

बऱ्याच बँकांचा पगारदारांसाठीचा ठोकताळा साधारण असा असतो: एकूण नोकरी निदान दोन वर्षं, त्यातलं सध्याच्या मालकाकडे निदान एक वर्ष. काही ठिकाणी सहा महिन्यांवर भागतं, सरकारी नोकरी असेल तर त्याहून कमीवर. शिवाय तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट, दोन वर्षांचे फॉर्म १६ किंवा विवरणपत्रं. तुझ्याकडे आठ वर्षांची नोकरी आहे, पण सध्याच्या मालकाकडे अडीच महिने. आणि मधे दीड महिन्याची पोकळी. ती पोकळी तू काकांच्या आजारपणात घालवलीस हे आपल्याला माहीत. स्टेटमेंटवर फक्त एवढंच दिसतं की मे महिन्यात पगार आला नाही.

आता माझी गोष्ट ऐक. तुला अर्धीमुर्धी ठाऊक असेल.

मी दादरची नोकरी सोडून २०१८ ला आले आणि तुझ्यासारखीच घाई केली. शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर बसलेल्या पोराने माझ्याकडून कागद घेतले, गोड बोलला, सरबत पाजलं. "मॅडम, लॉगिन करून टाकतो, कुठे ना कुठे होईल." मला वाटलं, लॉगिन म्हणजे कॉम्प्युटर चालू करणं. त्याने एका दुपारात माझी फाईल चार ठिकाणी टाकली. त्या प्रत्येक ठिकाणाहून माझा सिबिल तपासला गेला, आणि चारही चौकश्यांची नोंद माझ्या अहवालात उमटली. पाचव्या बँकेच्या साहेबाने ती नोंद वाचली आणि विचारलं, "एका दिवसात चार ठिकाणी पैसे मागत होतात, एवढी कसली अडचण?" मी काय सांगणार. माझी अडचण एवढीच होती की मी सरबत प्यायले होते.

म्हणून तुला पहिली ताकीद: तुझ्या शोरूमच्या पोराला आजच फोन करून सांग, माझ्या सांगण्याशिवाय फाईल कुठे टाकायची नाही. एका ठिकाणाहून नकार आलाय ना, तिथेच थांब. आपण स्वतः आपला अहवाल काढला तर स्कोअरला काही होत नाही. देशात असे अहवाल ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने या प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. साडेसातशेच्या पुढे असलं की बँकवाले जरा सरळ बसून बोलतात. पण तू नुसता आकडा पाहू नकोस. खाली जा, एकेक खातं वाच. माझ्या अहवालात काय निघालं होतं माहीत आहे? ५९० रुपये. एका क्रेडिट कार्डाची वार्षिक फी ५००, वर १८ टक्के जीएसटी. ते कार्ड मी वापरतही नव्हते. बिल दादरच्या पत्त्यावर जात राहिलं, तिथल्या नव्या भाडेकरूने ते बहुधा रद्दीत घातलं, आणि इकडे चार महिने थकबाकीदार म्हणून माझी नोंद. आठ वर्षांच्या सरळपणावर ५९० रुपयांची शाई सांडली. ते भरलं, कार्ड बंद केलं, बंद केल्याचं पत्र लेखी घेतलं, तरी तो डाग फिका पडायला बराच काळ गेला. तुझी पुण्यातली दोन कार्डं आहेत असं तूच म्हणालीस. आज रात्री बस आणि पत्ता बदल.

पण खरी मजा पुढे. सहाव्या ठिकाणी, एका बँकेत, सगळं जुळलं. साहेब म्हणाले, "आमचा माणूस घरी येऊन पाहून जाईल, मग सँक्शन." माणूस आला. मी कुडाळला कामावर, आई बाजारात. घराला कडी. त्याने गडग्यापलीकडे पाहिलं. शेजारची आजी वाल सोलत बसलेली. तिला विचारलं, ही इथे राहते का?

आजीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाठीला बॅग, हातात कागद, पायात बूट. आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "नाय रे. तां चेडू हयसर रवणा नाय. मुंबयक आसता. गणपतीक येता नि जाता."

झालं. "अर्जदार पत्त्यावर राहत नाही," असा शेरा पडला आणि फाईल बंद.

संध्याकाळी मी तिला विचारायला गेले तर ती उलट मलाच धीर द्यायला लागली. "माका वाटला, वसुलीवालो आयलो. म्हटला, चेडवाक कित्याक तरास." तिने मला वाचवलं होतं! कोणी परका माणूस कागद घेऊन पोरीचं नाव विचारत दारात येतो, तेव्हा आपल्याकडची शेजारीण काय करणार, खरं सांगणार? तिचं मुळीच चुकलं नाही. चुकलं माझं. बँकेचा माणूस येणार हे मी साहेबांना विचारून ठेवलं, आईला सांगितलं, आणि जिच्या हातात सगळं होतं तिलाच सांगायचं राहिलं.

या घराचं दुसरं दुखणं तुला अजून कळलेलं नाही, म्हणून सांगते. तुझ्याकडे बँकेने पत्त्याचा पुरावा मागितला आणि तू विजेचं बिल दिलंस. ते कोणाच्या नावावर आहे पाहिलंस? आजोबांच्या. आजोबा जाऊन तीसेक वर्षं झाली, पण महावितरणच्या लेखी ते अजून दर महिन्याला पंखा लावतात. सातबाऱ्यावर एवढी नावं आहेत की तलाठ्याला दुसरं पान घ्यावं लागतं. त्यातले निम्मे मुंबईत, दोघे बडोद्यात, एकाचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. बिलावरचं नाव बदलायचं म्हटलं तर सगळ्यांच्या संमत्या आणायला गणपतीत भेटतील तेवढेच. कोकणातल्या सामाईक घराची ही गंमत बघ. भाड्याने राहणाऱ्याकडे नोंदणी केलेला करार तरी असतो, कारण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो नोंदवणं बंधनकारकच आहे. आणि चार पिढ्यांच्या घरात राहणाऱ्या तुझ्या हातात तू तिथे राहतेस असं सांगणारा एक कागद नाही.

त्यातून वाट आहे. घरपट्टीची पावती काकांच्या नावाने फुटते ना? आणि काकांच्या आधारवर पत्ता इथलाच आहे. २०२३ पासून आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलता येतो. म्हणजे तू ऑनलाइन अर्ज करायचा, काकांचा आधार क्रमांक द्यायचा, नातं दाखवणारा कागद जोडायचा, रेशन कार्डावर तुझं नाव असेल तर तेच, आणि मग काकांनी आपल्या बाजूने तीस दिवसांत संमती द्यायची. ओटीपी काकांच्या फोनवर येतो. काकांचा फोन म्हणजे तो देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला लावलेला असतो आणि काका अंगणात, तेव्हा समोर बसूनच कर. आणि पत्ता लिहिताना नीट लिही. घर क्रमांक, वाडी, गाव, ४१६६०६. बँकेच्या फॉर्मवर, कंपनीच्या पत्रावर, आधारवर, तिन्हीकडे एकच स्पेलिंग. आपल्या गावाचं नाव, वायरी, एकीकडे एक आणि दुसरीकडे दोन वायने लिहिलंस तर कॉम्प्युटरला ती दोन गावं वाटतात.

आता पैशाचं बोलू. ते तुला ऐकायला आवडणार नाही.

तुला पुण्यात हातात ५२ हजार यायचे, इथे ३८ येतात. घरभाडं वाचतं, डबा घरचा, म्हणून तुला फरक जाणवत नाही. बँकेला जाणवतो. शोरूमने तुला आठ लाखांची ऑन-रोड किंमत सांगितली, दोन तू घालणार, सहा कर्ज. हिशेबापुरता व्याजदर ९ टक्के धर. पाच वर्षांना हप्ता बसतो १२,४५५ रुपये. त्यात तुझा पुण्यातला लॅपटॉपचा ४,२०० चा हप्ता अजून जानेवारीपर्यंत आहे. दोन्ही मिळून १६,६५५, म्हणजे पगाराच्या चव्वेचाळीस टक्के. बहुतेक बँका चाळीस ते पन्नासच्या मधे कुठेतरी हात आखडतात. नवी नोकरी आणि वर हे प्रमाण, म्हणून नकार आला. तुझ्या प्रामाणिकपणावर कोणी शंका घेतली नाही.

त्या पोराने तुला तोडगा सुचवला ना, सात वर्षं करा म्हणून? केला की हप्ता ९,६५३ वर येतो, दिसायला छान. पण पाच वर्षांत व्याज जातं १ लाख ४७ हजारांच्या आसपास, सात वर्षांत २ लाख ११ हजारांच्या आसपास. चौसष्ट हजार जास्त, आणि ते कशासाठी, तर समुद्राकाठी खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या पत्र्यासाठी. सहाव्या-सातव्या वर्षी आपल्याकडच्या गाडीच्या दाराची खालची कड बोटाने खरवडून बघ. ज्या गाडीला गंज धरायला लागलाय तिचे हप्ते भरत बसण्यासारखं दुःख नाही.

आणि कोणी "फक्त ९ टक्के, फ्लॅट" असं म्हणालं तर तिथून ऊठ. फ्लॅट म्हणजे तू अर्धं कर्ज फेडलंस तरी व्याज पूर्ण सहा लाखांवरच चालू राहतं. तोच ९ चा आकडा, पण पाच वर्षांत व्याज २ लाख ७० हजार, हप्ता साडेचौदा हजार, आणि खरा दर साडेपंधरा टक्क्यांच्या पुढे जातो. याला उतारा सोपा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना असं कर्ज देताना एक तथ्यपत्रक द्यावंच लागतं. त्यात वार्षिक टक्केवारीचा एकच आकडा असतो, प्रोसेसिंग फीसकट सगळा खर्च धरून. ते पान माग. वाच. दुसरं काही वाचू नकोस हवं तर, पण ते वाच. त्यातच कधीकधी एका ओळीत कर्जाला जोडलेला जीवन विमा लपलेला असतो, पंधरा-वीस हजारांचा, तोही कर्जातच मिळवलेला. तो सक्तीचा नसतो. नको म्हण, तोंडी नको, लेखी नको म्हण. दर स्थिर की बदलता, तेही विचार. बदलत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही, स्थिर दराला बहुतेक लावतात.

मग करायचं काय? थांब. दसऱ्याची गाडी गुढीपाडव्याला आण.

मला दिसतंय तुझं तोंड वाकडं झालं. काकांना गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं असतं, महिन्याला एकदा भाड्याची गाडी, ड्रायव्हर, सकाळी चारला निघणं. ती दगदग मला माहीत आहे. पण हिशेब कर: पाडव्यापर्यंत सात-आठ फेऱ्या. दर फेरीला भाडं जातं ते जाऊ दे. तेवढ्यात तुझं प्रोबेशन डिसेंबरात संपतं आणि कायम केल्याचं पत्र हातात येतं. लॅपटॉपचा हप्ता जानेवारीत संपतो. सहा पूर्ण पगार एकाच खात्यात, एकाच तारखेला, एकाच कंपनीच्या नावाने जमा झालेले दिसतात. आधारवर वायरी येते. एप्रिलमध्ये तू गेलीस की बँकेला तीच मुलगी नव्याने भेटेल, फक्त या वेळी तिचे कागदही मालवणात राहायला आलेले असतील.

आणि हे सहा-सात महिने नुसती बसू नकोस. सप्टेंबरपासून खोटा हप्ता भर. खोटा म्हणजे, ज्या बँकेत पगार येतो तिथेच १२,५०० चं आवर्ती ठेव खातं उघड, पगार झाला की दुसऱ्या दिवशी कापून जाईल असं. तुझे बाकीचे खर्च भागतात की महिन्याच्या वीस तारखेला माझ्याकडे उसने मागायला येतेस, ते तुला कळेल. गाडी नसताना कळलेलं बरं. सहा महिन्यांत ७५ हजार साठतील. ते डाऊन पेमेंटला घातलेस की कर्ज सव्वापाच लाखांवर येतं आणि हप्ता १०,९०० च्या आत. शिवाय त्या बँकेला दर महिन्याला तुझी शिस्त दिसते ते वेगळंच. मी हे केलं होतं. तिसऱ्या महिन्यात मोडलंही होतं, गणपतीच्या खर्चात, तेही सांगून टाकते.

पगार नव्या कंपनीतून खात्यातच येतो ना? आपल्या जिल्ह्यात लहान ठिकाणी अजून अर्धा खात्यात आणि अर्धा पाकिटात देण्याची खोड आहे. पाकिटातला पगार बँकेसाठी नसतोच. मी तारकर्लीच्या ज्या हॉटेलांचे हिशेब लिहिते तिथली पोरं बघ. सीझनला टिप आणि सर्व्हिस चार्ज धरून हातात बक्कळ येतं. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, हातात नुसता मूळ पगार. बँक त्या मूळ पगारावरच तोलते. तुझं तसं नाही, हे तुझं नशीब.

पुण्याच्या कंपनीकडून सुटकेचं पत्र आणि अनुभवाचा दाखला अजून आणला नाहीस, हे तू बोलता बोलता सांगितलंस आणि पुढे गेलीस. तिथे थांब आणि आण. मेल कर, पुन्हा कर, एचआरच्या त्या मुलीला गोड बोल. दीड महिन्याच्या पोकळीसाठी तेच पत्र कामाला येणार. पीएफ काढून डाऊन पेमेंटला घालायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाक. तो नव्या खात्याला जोडून घे. त्या पासबुकात एका नावाखाली दुसऱ्या कंपनीचं नाव आलं की तुझी नोकरीची साखळी दिसते, आणि ती साखळीच तर तुला दाखवायची आहे. हो, आणि एप्रिलचा पुण्याचा पगार किती झाला ते इथल्या अकाउंट्सला सांगून ठेव. विवरणपत्र भरताना दोन्ही मालकांकडचा पगार एकत्र दाखवावा लागतो.

तुझ्या डोक्यात ज्या तीन आडवाटा फिरतायत त्याही बोलून टाकते, कारण घरातलं कोणी ना कोणी त्या सुचवणारच.

एक, म्हापशाचा आतेभाऊ. "माझ्या नावावर गोव्याची पाटी घे, टॅक्स वाचेल." महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला किमतीच्या ११ टक्के रस्ता कर बसतो, गोव्यात कमी, हे खरं. पण गाडी त्याच्या नावावर आणि हप्ते तुझे, हा कसला व्यवहार? उद्या त्याचं लग्न होऊन त्याची बायको म्हणाली, ही गाडी आमची, तर? आणि परराज्यातली गाडी बारा महिन्यांच्या पुढे इथे वापरली की इथे नोंदवावीच लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ आहे. एमएच ०७ घे. ओरोसच्या आरटीओत एकदा काय तो खेटा.

दोन, पतसंस्था. तिथे माणूस ओळखतात, हे त्यांचं मोठेपण. आजोबांचं नाव सांगितलंस तर साहेब उभे राहून खुर्ची देतील. पण सभासद व्हायचं, शेअर घ्यायचे आणि दोन जामीनदार आणायचे, शिवाय व्याज बँकेपेक्षा सहसा चढं. मामा जामीन राहायला तयार आहे म्हणालीस. मामाला कोणी सांगितलंय का की १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते? तू चुकलीस तर नोटीस त्याच्याकडे, आणि पुढच्या वर्षी त्याच्या पोराला शिक्षणासाठी कर्ज घ्यायचं झालं की तुझी गाडी त्याच्या अहवालात बसलेली. मामा नाही म्हणणार नाही. म्हणूनच त्याला विचारू नकोस.

तीन, काका सहकर्जदार. ही वाट सरळ आहे, नाकारत नाही. निवृत्त शिक्षकाचं पेन्शन बँकेला फार आवडतं. काका ६४ चे, पाच वर्षांत ६९, बऱ्याच ठिकाणी सत्तरीपर्यंत चालतं. अगदीच निकड आली, काकांच्या फेऱ्या वाढल्या, तर हीच वाट धर आणि मला विचारायलाही थांबू नकोस. पण ते पेन्शन सध्या औषधांना जातं. ते तसंच मोकळं राहिलेलं मला बरं वाटतं.

जुनी गाडी घ्यावी का, असंही मध्येच म्हणालीस. घे की, मला काही लाज वाटत नाही, माझी पहिली जुनीच होती. फक्त त्या कर्जाला व्याज जास्त आणि मुदत कमी. आणि इथली, किनाऱ्यावरची गाडी घेऊ नकोस, घाटावरची घे. मेकॅनिकला घेऊन जा, गाडी रॅम्पवर चढवायला लाव आणि खालून बॅटरी मारून बघ. वरचा रंग सगळेच बघतात. तशी नवी घ्यायलाही दिवस बरे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ ला लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, म्हणून तर तुझं आठ लाखांत बसतंय. पाच वर्षांनी हप्ते फिटले की बँकेकडून नाहरकत आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा, हे आत्ताच कुठेतरी लिहून ठेव. लोक शेवटचा हप्ता भरून पेढे वाटतात आणि हे विसरतात. मग गाडी विकायला जातात तेव्हा कळतं की कागदावर ती अजून बँकेचीच.

माझं पुढे काय झालं ते अर्धंच राहिलं. सहा महिन्यांनी मी पुन्हा अर्ज केला. या वेळी बँकेचा माणूस येणार म्हटल्यावर आदल्या संध्याकाळी आजीकडे गेले, शिरवाळ्यांचा डबा घेऊन. तिला समजावलं: तो वसुलीवाला नाही, तो पैसे देणारा आहे, मी इथेच राहते एवढं फक्त सांग. तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तो गडी आला आणि तास झाला तरी सुटेना. आजीने त्याला पडवीत बसवलं, चहा दिला, वर खोबऱ्याची वडी. मी सकाळी कितीच्या गाडीने जाते, संध्याकाळी कधी येते, दादरला काय करायचे, पगार किती होता, तो कसा कमी झाला, लग्नाचं काय चाललंय, सगळं. तो उठायला लागला की ती म्हणायची, "बस रे, अजून सांगूचा आसा." त्याने जाताना बाहेरूनच मला फोन केला. "मॅडम, तुम्ही इथे राहता हे पटलं. मला आता जाऊ द्यायला सांगा त्यांना."

आजी आता ब्याऐंशीची आहे, कान जरा कमी झालेत. मार्च संपता संपता आपण दोघी जाऊ तिच्याकडे. शिरवाळे मी करते, रस तू काढ. आणि रविवारी ये इकडे, काकांचा फोन बरोबर घेऊन ये, चार्ज केलेला. आधारचं तेवढं करून टाकू.

तुझी,
ताई